धक्का आणि आवाज : शिरूरच्या छावणीपासून दौंडच्या राखीव दलापर्यंत

शिरूरला घोडनदी म्हणणारी जुनी माणसं अजून भेटतात. नदीचंच नाव गावाला पडलं. ही घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून वाहत जाते. आज आम्ही बोलणार आहोत ते याच दोन गावांना धरून. विषय मात्र वेगळाच आहे. बंदूक उडते तेव्हा उडवणाऱ्याच्या खांद्याला जो धक्का बसतो आणि कानावर जो आवाज आदळतो, त्यांचं दोनशे वर्षांत काय झालं? नळीच्या तोंडाशी बसवलेल्या छोट्या छोट्या कळांनी त्यात काय फरक पडला? तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं यात का पडावं, असं काहींच्या मनात येईल. त्याचं कारण बोलता बोलता येईलच.

सुरुवात 31 डिसेंबर 1817 च्या रात्रीपासून करू. साडेआठच्या सुमाराला शिरूरच्या इंग्रजी छावणीतून कॅप्टन फ्रान्सिस स्टॉन्टनची तुकडी पुण्याकडे निघाली. मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे पाचशेच्या आसपास शिपाई. त्यांच्या जोडीला अडीचशे-तीनशे स्वार, दोन सहापौंडी तोफा आणि त्या चालवणारे चोवीस युरोपियन गोलंदाज. रात्रभर चालून ही माणसं सकाळी भीमेकाठच्या कोरेगावाजवळ पोहोचली आणि तिथे पेशव्यांची फौज समोर दिसली. पुढे काय झालं ते आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पलटणीतल्या महार शिपायांच्या पराक्रमाची आठवण पेरण्याच्या जयस्तंभावर कोरलेली आहे. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी तिथे आले होते, आणि आजही त्या दिवशी तिथे लाखोंची गर्दी असते. त्या लढाईच्या अर्थाबद्दल पुष्कळ बोललं गेलं आहे, पुढेही बोललं जाईल. आज आम्ही त्या शिपायाच्या फक्त उजव्या खांद्याकडे आणि दोन्ही कानांकडे पाहणार आहोत.

त्याच्या हातात काय होतं? कंपनीच्या पायदळाची नेहमीची चकमकीची बंदूक, जिला इंग्रज लाडानं ब्राऊन बेस म्हणत. वजन साडेचार किलोच्या जवळपास. शिशाची गोळी सुमारे बत्तीस ग्रॅमची. आजच्या इन्सास रायफलची गोळी चार ग्रॅमची असते, म्हणजे ही तिच्या आठपट जड. कागदी काडतूस दातानं फाडायचं, थोडी दारू कानीत घालायची, उरलेली नळीत ओतायची, वरून गोळी, मग गजानं ठासायचं. सराईत शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. समोरच्या बाजूला पेशव्यांच्या चाकरीतले अरब होते, गोसावी होते. अरबांच्या बंदुका तोडेदार, लांब नळीच्या. कोरेगावच्या गल्ल्यांमध्ये, मातीच्या भिंतींच्या आडोशानं, दिवसभर हे चाललं. अन्न नाही, पाणी नाही. चोवीस गोलंदाजांपैकी बारा मेले, आठ जखमी झाले. तोफ प्रत्येक बाराला गाड्यासकट मागे जाई, आणि उरलेल्या माणसांनी ती पुन्हा हातांनी पुढे रेटायची. धक्का म्हणजे काय हे पाहायचं असेल तर ते हे चित्र. बाण मारला की धनुष्य मागे जात नाही असं आपल्याला वाटतं. ते जातंच, पण हाताला कळत नाही. तोफेचं सगळ्यांना कळतं.

लढाईच्या वृत्तांतांत मेलेले मोजले आहेत, जखमी मोजले आहेत. कान कोणी मोजले नाहीत. मोठ्या आवाजानं माणूस हळूहळू बहिरा होतो, हे वैद्यकीय नियतकालिकात नीट मांडलं गेलं तेच 1831 साली. इंग्लंडमधल्या जॉन फॉस्ब्रोक या डॉक्टरनं लॅन्सेटमध्ये लोहारांच्या बहिरेपणाबद्दल लिहिलं. त्याआधी लोहारांना आणि गोलंदाजांना ते ठाऊक नव्हतं असं नाही. पण जे सगळ्यांनाच होतं त्याला दुखणं म्हणायची आपली पद्धत नसते.

आता एक साधा प्रश्न विचारू. 1818 च्या त्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी काय होतं? एकच गोष्ट होती, संगीन. आणि तीही तोंडाच्या बाहेरून, कड्यात बसणारी. कारण उघड आहे. दारू, गोळी, गज, सगळं त्याच तोंडातून आत जायचं. ज्या दारातून धान्य आत घ्यायचं त्या दाराला जाळी कशी बसवणार? म्हणजे धक्का किंवा आवाज कमी करणारी एखादी कळ कुणाच्या डोक्यात आली असती, तरी शिपायाच्या ठासणीच्या बंदुकीवर ती टिकली नसती. बंदूक मागच्या बाजूनं भरली जाऊ लागली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेव्हा कुठे शिपायाच्या बंदुकीचं तोंड मोकळं झालं. पुस्तकांत शोधकांची नावं येतात, पण त्या शोधाला जागा कशी झाली हे क्वचितच येतं. आम्हाला ते जास्त महत्त्वाचं वाटतं.

बरं, हा धक्का येतो कुठून? न्यूटनचा तिसरा नियम शाळेत सगळ्यांनी घोकलेला आहे, पण तो इथे अर्धाच सांगितला जातो. गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते, इतकं आपण म्हणतो. पण गोळीबरोबर आणखी काहीतरी पुढे जातं : जळलेल्या दारूचा वायू. त्याचं वजन गोळीच्या मानानं थोडं, पण वेग गोळीपेक्षा कितीतरी जास्त. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी तिच्या पाठीमागचा वायू अजून शेकडो वातावरणांच्या दाबाखाली असतो. बुच उडाल्यावर सोड्याच्या बाटलीचं होतं तसं, पण हजारपट उग्र. तो फुटून बाहेर येतो, आणि दोन गोष्टी एकदम होतात. बंदुकीला मागे आणखी एक रेटा बसतो आणि हवेत स्फोटाची लाट उठते. धक्क्याचा काही भाग आणि आवाजाचा मोठा भाग, दोन्हींचं मूळ हा एकच वायू. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. नळीच्या तोंडाशी बसवलेली कुठलीही कळ गोळीच्या धक्क्याला हात लावू शकत नाही. ती फक्त या वायूचं काहीतरी करू शकते.

काळ्या दारूच्या बंदुकीत या वायूचा वेग आणि दाब बेताचाच असे. गोळी मात्र अवजड. म्हणून ब्राऊन बेसचा धक्का खांद्याला ढकलल्यासारखा, आवाज घुमणारा, आणि भोवती धुराचा लोट. धक्का मोठाच होता. ढोबळ हिशेब केला तर नंतरच्या थ्री-नॉट-थ्रीच्या दुपटीच्या पुढे जातो. पुढे मार्टिनी-हेन्री आली. मागून भरायची, 1871 साली इंग्रज सैन्यात घेतलेली, गोळी एकतीस ग्रॅमची आणि बंदूक चार किलोहून थोडी हलकी. तिच्या मारानं खांदे काळेनिळे होत. 1857 नंतर देशी पलटणींच्या हाती मुद्दाम एक पिढी मागचं हत्यार द्यायचं धोरण होतं, त्यामुळे गोऱ्या शिपायाच्या खांद्यावरून उतरलेला हा मार आपल्या शिपायांच्या वाट्याला थोडा उशिरा आला.

मग बिनधुराची दारू आली आणि सगळा हिशेब बदलला. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, म्हणजे एकतृतीयांश झाली. वेग मात्र सेकंदाला साडेसातशे मीटरच्या घरात, आवाजाच्या वेगाच्या दुप्पट. धक्का कमी झाला, धूर गेला. पण वायूचा दाब वाढला, आणि आवाज तीक्ष्ण झाला. जुना आवाज धडाड् असा येई, हा फाडकन् येतो. त्यात 1903 साली इंग्रजांनी नळी सुमारे तीस इंचांवरून पंचवीस इंचांवर आणली. नळी जितकी आखूड, तितका वायू तोंडाशी जास्त ताजा. 1944 साली ब्रह्मदेशासारख्या जंगलांच्या लढाईसाठी याच बंदुकीचं हलकं रूप काढलं, नळी आणखी आखूड, वजन सव्वातीन किलोच्या आसपास. तिच्या तोंडाशी एक नरसाळं बसवलं. लोकांना वाटे की हे आवाज कमी करण्यासाठी आहे. तसं काही नव्हतं. आखूड नळीतून रात्री जो भगभगीत जाळ निघे, त्यानं उडवणाऱ्याचेच डोळे दिपत, ते टाळण्यासाठी ते होतं. याला फ्लॅश हायडर म्हणतात. डोळ्यांची सोय झाली. कान आणि खांदा होते तिथेच राहिले. उलट बंदूक हलकी झाल्यानं खांद्याचे हाल वाढले, आणि त्या कार्बाइनच्या दस्त्याला लावलेला चिंचोळा रबरी तुकडा त्याला फारसा पुरा पडेना.

इथे आमची स्वतःची गोष्ट थोडी येऊ द्या. 1963 पासून पुढची काही वर्षं कॉलेजात एनसीसी सक्तीची होती. आम्ही 1967 साली कॉलेजात गेलो, तेव्हा चांदमारीवर आधी पॉइंट टू-टू आणि मग थ्री-नॉट-थ्री हातात आली. टू-टू म्हणजे खेळणंच. थ्री-नॉट-थ्रीचा पहिला बार काढला आणि दस्ता गालावर बसला, कारण खांद्याला तो नीट टेकवलेला नव्हता. दुसऱ्या बाराला आम्ही चाप ओढायच्या आधीच डोळे मिटले. तिसऱ्यालाही. आमचे उस्ताद, मिशीवाले सुभेदार, हे ओळखून होते. त्यांनी आम्हाला न सांगता नळीत रिकामं काडतूस भरलं. आम्ही चाप ओढला, बार झालाच नाही, आणि तरी बंदुकीचं टोक खाली झुकलं, खांदा पुढे आला. सगळी पोरं हसली. सुभेदार म्हणाले, ‘‘बघ, बंदुकीनं तुला नाही मारलं, तूच तिला घाबरलास.’’ धक्का बसण्याआधीच शरीर त्याला उत्तर देतं. नेम चुकतो तो इथे. नेमबाज धक्क्याची एवढी चिंता करतात ती खांदा दुखतो म्हणून थोडी, आणि ही सवय जडते म्हणून फार.

त्या दिवशी कानांत काही घालायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत डाव्या कानात रातकिडा ओरडत होता. तो रातकिडा अधूनमधून अजून येतो. डावाच कान का? तर उजव्या खांद्यावर बंदूक घेतली की मान उजवीकडे झुकते, डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या सावलीत जातो. कानाच्या डॉक्टरांना हे चांगलं माहीत आहे. उजव्या हाताच्या बंदूकवाल्याचा डावा कान आधी जातो.

आता आवाज मोजायचा कसा ते पाहू. डेसिबलचे आकडे फसवे असतात, कारण दर वीस डेसिबलला दाब दहापट होतो. 140 डेसिबल म्हणजे हवेच्या दाबात 200 पास्कलचा एकदम चढ. इथून पुढे एकाच बारानं कानाला इजा होऊ शकते असं मानतात. रायफलचा बार कानाशी 155 ते 165 च्या दरम्यान जातो. तुलनेसाठी सांगतो, आपल्याकडे फटाक्यांना कायद्यानं मर्यादा आहे. फुटल्या जागेपासून चार मीटरवर शिखराचा आवाज 145 डेसिबलच्या वर गेलेला चालत नाही. म्हणजे दिवाळीतल्या ज्या सुतळी बॉम्बला आपण शिव्या घालतो, त्याच्या कितीतरी पट दाब नेमबाजाच्या कानावर प्रत्येक बाराला येतो, आणि तो चार मीटरवर नसतो, हातभर अंतरावर असतो. याच्या उलट उदाहरण शिरूर-जुन्नर पट्ट्यातल्या लोकांनी पाहिलेलं असेल. बिबट्याला गुंगीचं इंजेक्शन मारणारी वन खात्याची बंदूक. तिचा आवाज जवळजवळ नसतोच, कारण तिथे दारू जळत नाही, थोडा दाबलेला वायू सुईला फक्त ढकलतो. जिथे दाब नाही तिथे आवाजही नाही.

नळीच्या तोंडाच्या कळांचे तीन मुख्य प्रकार आहेत. जाळ लपवणारी नरसाळ्याची किंवा चिरांची कळ आत्ताच आपण पाहिली. दुसरी मझल ब्रेक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फ्रान्समध्ये तोफांवर तिचे पहिले प्रयोग झाले. आपल्याकडे बोफोर्सच्या तोंडाशी जो जाडसर, भोकाभोकांचा तुकडा दिसतो तो तोच. वायू सरळ पुढे जाऊ न देता बाजूला आणि थोडा मागे वळवायचा. मागे वळलेला वायू बंदुकीला पुढे ओढतो, धक्का तितका घटतो. काडतुसात दारू भरपूर आणि गोळी हलकी असेल तर हा फरक फार मोठा. आमच्या ब्राऊन बेसवर असा ब्रेक बसवता आला असता तरी फारसा उपयोग झाला नसता, कारण तिथे धक्का मुख्यतः गोळीचा होता.

पण वळवलेला वायू जातो कुठे? इथे आम्हाला न्यायशास्त्र आठवतं. शब्द कसा पसरतो यावर आपल्या जुन्या नैयायिकांनी दोन दृष्टांत दिले. एक वीचीतरंगन्याय, पाण्यातल्या लाटेमागून लाट. दुसरा कदंबमुकुलन्याय, कदंबाच्या कळीचे केसर जसे एकाच वेळी चहूबाजूंना फुटतात तसा. साध्या नळीचा बार पुढच्या दिशेनं जास्त आणि मागे कमी असतो. उडवणारा मागे आहे, हा त्याचा थोडा फायदा. ब्रेक बसवला की बार कदंबाच्या कळीसारखा होतो. बाजूंना आणि मागेही तेवढाच फुटतो. उडवणाऱ्याच्या कानाशी आवाज पाच ते दहा डेसिबलनं वाढतो. शेजारच्या लेनमध्ये पडून नेम धरणाऱ्याला तर तो थेट तोंडावर बसतो. वर दौंडकडच्या उन्हाळ्यातल्या भुसभुशीत मातीत पालथं पडून बार काढला तर धुळीचा लोट उठून नेमच दिसेनासा होतो. रणगाड्यांचं पहा. नगरच्या रणगाडा संग्रहालयात जुन्या काही तोफांच्या तोंडाशी ब्रेक आहेत, पण आपल्या टी-72 ला तो नाही. त्यामागे ही धूळ हे एक कारण आहे, आणि त्यातून उडणाऱ्या बाणासारख्या गोळ्याची आवरणं त्यात अडकतील हे दुसरं.

म्हणजे ब्रेकनं धक्का खांद्यावरून काढून कानावर दिला, आणि त्यातलाही काही स्वतःच्या कानावर न देता शेजाऱ्याच्या. आम्ही या विषयाकडे का वळलो त्याचं हे कारण. ओझं उचललं असं आपण म्हणतो तेव्हा ते ठेवलं कुठे हे क्वचित विचारतो.

तिसरी कळ सायलेन्सर. ही ओझं खरोखर थोडं कमी करते. मझल ब्रेकसारखं नुसतं वळवत नाही. वायूला एका डब्यात अडवायचं, एकामागून एक पडद्यांवर आदळवून थंड आणि संथ करायचं, मग बाहेर सोडायचं. आवाजाची ऊर्जा डबा तापवण्यात जाते. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम या इंजिनिअरनं 1909 च्या सुमाराला ती बाजारात आणली. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, मशीनगनवाले. आयुष्यभर तोफा-बंदुकांच्या सहवासात राहून वडील ठार बहिरे झाले होते. बापाच्या बंदुकीनं बापाचे कान नेले आणि मुलानं आवाज कोंडायची डबी केली. इतिहास कधी कधी नाटककारापेक्षा ढोबळ लिहितो. तीच विद्या पुढे मोटारींच्या सायलेन्सरलाही लागली.

सिनेमात दाखवतात तसा ‘फुट्’ आवाज मात्र रायफलला कधीच होत नाही. चांगला सायलेन्सर वीस ते पस्तीस डेसिबल कमी करतो, म्हणजे 160 वरून 125-140 वर. आणि गोळी आवाजापेक्षा वेगानं जात असेल तर तिचा स्वतःचा चाबकासारखा कडाका वाटभर होतच राहतो. तो नळीच्या तोंडाशी थांबवता येत नाही. फायदा असा की कान इजेच्या रेषेच्या आसपास येतो, आणि वायू मंदावल्यानं, शिवाय टोकाला वजन वाढल्यानं, धक्काही काहीसा कमी होतो. तोटेही आहेत : बंदूक लांब होते, डबा तापतो, आणि आपोआप भरणाऱ्या रायफलीत काही वायू मागे फिरून उडवणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

आता आपला कायदा पहा. 1962 च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या परिशिष्टात हत्यारांचे वर्ग केले आहेत. सर्वांत कडक असा जो पहिला वर्ग, ज्यात निषिद्ध हत्यारं येतात, त्यातच बाराचा आवाज किंवा जाळ कमी करणाऱ्या उपकरणांना बसवलं आहे. 2016 च्या नव्या नियमांतही ही ओळ राहिली. आवाज आणि जाळ. धक्क्याचा उल्लेख नाही. म्हणजे खांद्याची काळजी घ्यायला मोकळीक आहे, मग कानाचं काही का होईना. कानाची काळजी नळीच्या तोंडाशी घेता येणार नाही. कायद्याचं म्हणणं समजण्यासारखं आहे. बार झाला हे गावाला कळलं पाहिजे. बंदुकीचा आवाज हा तिच्यावरचा एक पहारेकरी आहे, चोरून उडवणाऱ्याला तो पकडून देतो. आम्हाला हा युक्तिवाद पटतो. मात्र फिनलंड, नॉर्वेसारख्या देशांत शिकारी सायलेन्सर लावतो ती शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये म्हणून, आणि तिथे त्याला सभ्यपणा मानतात. एकाच डबीला एकीकडे चोराची आणि एकीकडे सज्जनाची खूण समजतात. ज्या देशात हत्याराचा हिशेब चोख ठेवला जातो तिथे दुसरी समजूत परवडते. आपल्याकडे गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट पाहता सध्या पहिलीच बरी, असं आमचं मत. पण त्याची किंमत कोणीतरी कानानं देत असतो, एवढं मान्य करायला हवं.

आणि ती किंमत देणारे दौंडला बरेच आहेत. राज्य राखीव पोलीस दलाचे पाच आणि सात क्रमांकाचे गट दौंडला आहेत, नानवीजला प्रशिक्षण केंद्र आहे. शेतकऱ्यांची, ऊसतोड मजुरांची मुलं भरती होतात आणि तिथे पहिल्यांदा रायफल हातात घेतात. पोलिसांकडे वर्षानुवर्षं थ्री-नॉट-थ्री होती. 2008 च्या मुंबई हल्ल्याच्या वेळी सीएसटीवर पोलिसांच्या हातात तीच होती. तिच्या जोडीला एसएलआर, इन्सास, एके आल्या. या तिन्हींच्या तोंडांकडे नीट पाहा, त्यांत इतिहास दिसतो. एसएलआरच्या तोंडाला जाळ लपवणारी चिरांची कळ. इन्सासच्या तोंडालाही तीच, आणि तिच्यावर बंदुकीनं उडवायचा ग्रेनेड बसतो. एके मालिकेतल्या 1959 नंतरच्या एकेएमच्या तोंडाशी बोरूसारखा तिरका कापलेला लहानसा तुकडा. तिचं तोंड सलग गोळीबारात उजवीकडे वर उचलतं, म्हणून हा तुकडा वायूला असा फेकतो की नळी डावीकडे खाली दाबली जावी. नाणंभर लोखंडात किती बुद्धी! मात्र या तिघींपैकी एकीच्याही तोंडाला आवाज कमी करणारं काही नाही.

गंमत अशी की इन्सासनं धक्का खरोखर कमी केला, आणि त्यात तोंडावरच्या कळेचा वाटा फारसा नाही. ही रायफल पुण्यातच, पाषाणच्या एआरडीई या संस्थेत घडली. एसएलआरची गोळी साडेनऊ ग्रॅमची, इन्सासची चार ग्रॅमची, वजन दोघींचं जवळपास सारखं. आपण हिशेब मांडला तर धक्क्याची ऊर्जा चौथ्या हिश्श्याच्या आसपास येते. गोळीच लहान केली की सगळं सोपं. आवाज मात्र तेवढा उतरत नाही, कारण गोळी लहान झाली तरी वायूचा दाब तोच आहे. हे एक वेळ तरुण शिपायाच्या लक्षात येत नाही. मार कमी बसतो म्हणून त्याला वाटतं बंदूक सौम्य आहे, आणि तो कानात बोळा घालायचं सोडून देतो. खांदा लगेच ओरडतो. कान वीस वर्षांनी ओरडतो, तेव्हा शिपाई हवालदार झालेला असतो आणि बायको म्हणत असते, टीव्हीचा आवाज कमी करा.

शेवटी खेळाकडे एक नजर टाकू, कारण तिथे हा प्रश्न उलट्या टोकानं सुटला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. रेल्वेतला माणूस, म्हणजे दौंड जंक्शनला अगदीच परका नव्हे. त्याच्या हातातली रायफल टू-टूची, म्हणजे आमच्या एनसीसीतलं ते खेळणं, पण वजन आठ किलोपर्यंत जाऊ शकणारी. एवढ्या जड बंदुकीतून अडीच ग्रॅमची गोळी सुटली की धक्का नावालाच उरतो. आंतरराष्ट्रीय नियमांत रायफलीच्या तोंडाला मझल ब्रेक लावायला बंदी आहे. आणि तरीही त्या खेळाडूंच्या कानांना तुम्ही नीट पाहा, संरक्षण हमखास दिसेल. सर्वांत सौम्य बंदूक चालवणारे कानांची सर्वांत जास्त काळजी घेतात, कारण त्यांना उद्या परत खेळायचं असतं. चांदमारीवर रांगेत पडलेल्या भरती झालेल्या पोराला फोमचे दोन बोळे द्यायला काही रुपये पुरतात, आणि नीट बसवले तर ते वीसेक डेसिबल सहज उतरवतात. त्याला कुठल्याही परिशिष्टाची आडकाठी नाही. नळीच्या तोंडाला हात न लावता आवाज उडवणाऱ्याच्या बाजूनं अडवता येतो, एवढी साधी गोष्ट.

आम्हाला 1967 साली ते कोणी दिले नाहीत. आता प्रश्न घेऊ या. माइक आमच्या उजव्या बाजूला आणून ठेवलात तर बरं होईल, डावीकडचं नीट ऐकू येत नाही.